पोपटाच्या मुठीची काठी

दादा, काल तुझी काठी मोडली. माझ्याच हातात मोडली, बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर, आणि मी चांगला दाणकन खाली बसलो. नाववाले हसले. वहिनींनी पदर तोंडाशी नेला, आणि तो रडू आवरायला नेला नव्हता एवढं मलाही कळतं.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुझ्या तेराव्याला मी चार माणसांत तुझ्याबद्दल फार छान बोललो. गंगेसारखं मन वगैरे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, आणि हात धुवायला उठलो तेव्हा वाटलं, तू कुठून तरी डावी भुवई वर करून बघतो आहेस. मी रंगवून सांगायला लागलो की तू त्या भुवईनं मला पकडायचास. म्हणून आता हे दुसरं लिहितो आहे. हे चार माणसांत वाचण्यासारखं नाही.

काठीपासूनच सुरू करतो. ती घरात कुठून आली हे तुला माहीत होतं, पण अर्धंच.

नऊ वर्षांपूर्वी तुझी साठीशांत केली. गुरुजी कलश मांडून तयार, वहिनींनी कणकेचे साठ दिवे लावायला घेतलेले, आणि यजमानांचा पत्ता नाही. गुरुजींनी विचारलं, ‘‘यजमान कुठं आहेत?’’ वहिनींनी खिडकीतून बोट दाखवलं. यजमान गंगेच्या मध्यावर होते. तू आणि आपला गवळी रामदुलारे सरदार पलीकडच्या रेतीला हात लावून परत येत होतात, रोजच्यासारखेच. वहिनी खिडकीतून ओरडल्या, ‘‘अहो, साठ वर्षं तुमच्यासाठी थांबली आहेत इथं!’’ आणि तू ओल्या पंच्यानं, दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत टाकत वर आलास. त्या दिवसानंतर तुला मी तसं चढताना पाहिलं नाही.

आपल्या घरात कुणाची मुंज, लग्न, डोहाळजेवण काहीही असो, जेवणं झाल्यावर लोक म्हणतात, ‘‘बाळ, आता तू बोल.’’ मी आधी नको नको म्हणतो आणि मग दीड तास बोलतो. तुझ्या शांतीसाठी मी चार दिवस तयारी केली होती. खोजवाँ मोहल्ल्यात जाऊन एका खेळणीवाल्याकडून काठी करून घेतली होती. लाल-पिवळी, लाखेच्या रंगाची, आणि मूठ म्हणून हिरवा पोपट. बाहुल्या, भोवरे, घोडे करतात तसलीच, चार कातीव तुकडे एकात एक खोवलेले. तो म्हातारा काठी कागदात गुंडाळताना म्हणाला, ‘‘भइया, ई खिलौना हौ. टेके बदे ना हौ. जोर पड़ी त टूट जाई.’’

मी म्हणालो, ‘‘अरे चाचा, टेकायचंय कुणाला? हमारा दादा गंगा पार करता है.’’

आणि मग ते माझं भाषण. ‘‘साठी, बुद्धी नाठी, आता घ्या हाती काठी!’’ मी कमरेत वाकलो, हात थरथरवला, खोकलो, ‘‘अगं, माझे दात कुठं ठेवलेस?’’ म्हणून वहिनींच्या मागं फिरलो. लोक हसून हसून लोळले. तूही हसलास. माझ्या हातातली काठी घेतलीस आणि तसाच वाकून सगळ्या खोलीभर एक फेरी मारलीस. टाळ्या पडल्या. ते माझं आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषण, दादा. एवढा परिणाम माझ्या बोलण्याचा आणखी कुणावर झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर आलो तर तू सगळ्यात वरच्या पायरीवर उभा. पंचा कोरडा, हातात पोपट.

‘‘उतरायचं नाही?’’

‘‘पुरे आता. काल शांत करून घेतली आणि आज उड्या मारतोय, लोक काय म्हणतील?’’

खालून पाण्यातून रामदुलारेनं हाक मारली, ‘‘का हो पंडितजी, आज पानी काट लेई का?’’

तू म्हणालास, ‘‘अब उमर हो गई, सरदार.’’

‘‘केकर?’’ त्यानं विचारलं. कुणाची म्हणून.

त्याला खरंच कळलं नव्हतं. रामदुलारेचं वय कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. विचारलं तर म्हणतो, बाढ़ आली होती त्या साली जन्मलो. गंगेला पूर न आलेलं साल दाखव म्हणावं. त्याच्या म्हशींची वयं त्याला महिन्यासकट पाठ, स्वतःचं मोजायचं राहून गेलं. त्यामुळे त्याची साठी कुणी केली नाही, साठ दिव्यांनी कुणी ओवाळलं नाही आणि कुणा भावानं त्याच्यासाठी यमकं जुळवली नाहीत.

मला आधी वाटलं, तू माझीच थट्टा लांबवतो आहेस. आठवडाभर मी हसतही होतो. मग तू सगळ्यात खालच्या पायरीवर बसून लोट्यानं अंघोळ करायला लागलास. पुढं खालची पायरी लांब वाटायला लागली, तेव्हा मधल्या बुरुजाशी बसून नाववाल्याकडून लोटा भरून मागवायला लागलास. मग पाणी घरी यायला लागलं, तांब्याच्या कळशीतून, आणि गंगा चाळीस पायऱ्या खाली वाहत असताना तू मोरीत बसून ‘हर गंगे’ म्हणायचास. नंतर जिना नको म्हणून तुझी खाट वरच्या मजल्यावरून खाली आणली. गल्लीचा नाका, मग गल्ली, मग ओसरी. तू एकेक जागा सोडत गेलास, एखादा तालुका हळूहळू शत्रूला द्यावा तशी, आणि शत्रू कुठंच दिसत नव्हता.

डॉक्टरनं तुझा गुडघा वाकवून, ठोकून पाहिला होता. ‘‘इसमें कुछ नहीं है. चलिए-फिरिए.’’

तू त्यालाच विचारलंस, ‘‘आपकी उमर?’’

‘‘पैंतीस.’’

‘‘मग तुम्हाला नाही कळायचं,’’ मराठीत म्हणालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते संपलं नाही. बाबा त्रेसष्टाव्या वर्षी गेले, आजोबा एकसष्टाव्या, म्हणून तूही आता निघालेलाच, असा तुझा हिशोब. मी म्हणायचो, बाबांना विषमज्वर झाला होता, आजोबा आंब्याच्या झाडावरून पडले होते, तुझ्या अंगणात तर आंबाच नाही. तू म्हणायचास, ‘‘बाळ्या, लोक हजार मैलांवरून मरायला काशीत येतात. आपण तर आधीच पोचलोय. आता आपलं काय, बसायचं.’’ तेहेतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस तू. मी एकदा चिडून म्हणालो होतो, ‘‘दादा, गाडी यायच्या किती आधी वळकटी बांधून फलाटावर बसायचं याला काही नियम आहे की नाही?’’ तू म्हणालास, ‘‘गाडी चुकण्यापेक्षा बरं.’’

काशीत कुणाची ती गाडी चुकली आहे, दादा?

त्रेसष्ट झाली, तुला काही झालं नाही. मला वाटलं आता तरी उठशील. तू उलट खट्टू झालास. चौसष्टावं वर्ष तू असं काढलंस, की जणू कुणाच्या तरी घरी बोलावल्याशिवाय जास्त दिवस राहिला आहेस. लहानपणी तू मला पाठीवर घेऊन पोहायचास तेव्हा पाण्यात तुझ्या पोटऱ्यांचे गोळे माझ्या तळपायांना लागायचे, दगडासारखे. शेवटच्या वर्षी तुझे पाय पुसताना मला शेवग्याच्या शेंगा आठवल्या. हे लिहू नये. पण तेराव्याला मी गंगा वगैरे म्हणालो, त्याची भरपाई कुठं तरी करायला हवी.

तू एकटा म्हातारा झाला असतास तर मी कदाचित आता गप्प बसलो असतो. तू वहिनींना बरोबर घेऊन गेलास. त्या तेव्हा चौपन्न वर्षांच्या होत्या. हिरवं, लाल काठाचं लुगडं नेसून शुक्रवारी घाटाघाटानं चालत संकठा देवीला जायच्या, तासाभरानं हातात पेरू नाही तर भाजी घेऊन यायच्या आणि वाटेत भेटलेल्या साऱ्या बायकांच्या नकला करून दाखवायच्या. खरं सांगतो, माझ्यापेक्षा चांगल्या करायच्या. तू त्यांना जाऊ नको असं कधी म्हणाला नाहीस. त्या चप्पल घालायला लागल्या की तू खाटेवरून फक्त विचारायचास, ‘‘आणि मला काही झालं तर?’’ दर शुक्रवारी. आठ-दहा शुक्रवार त्या गेल्या, मग खिडकीतूनच हात जोडायला लागल्या. लुगड्याबद्दल तर तू एवढंच म्हणालास, ‘‘आता वयाला शोभतं का?’’ ते घडी घालून ट्रंकेत गेलं. आता ते नेसायचं म्हटलं तरी वहिनींना नेसता येत नाही. कारण तू गेलास.

नकला कधी बंद झाल्या ते मला आठवत नाही. मी बोलत होतो ना, माझं लक्ष नव्हतं.

आता उरलेलं अर्धं.

तुझी साठी होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी बँकेतून घरी येत होतो आणि तू पुढं गल्लीतून चालला होतास, तुला मी दिसत नव्हतो. सवयीनं वाकलेला, पाऊल ओढत. मी काठीकडे पाहिलं. काठी जमिनीला टेकतच नव्हती. दोन बोटं वर, हवेत, तुझ्या पावलाबरोबर पुढं-मागं. गल्लीतल्या सांडाला वळसा घालताना तू ती काखेत धरलीस, चटकन बाजूला झालास, पलीकडे गेलास, आणि मग आठवणीनं पुन्हा वाकलास.

त्या वेळी मला खेळणीवाल्याचं बोलणं आठवलं. काठी दोन वर्षं टिकली होती, आणि ज्या दिवशी तू तिच्यावर खरोखर भार टाकशील त्या दिवशी ती मोडणार होती. मला फक्त हाक मारून एवढंच म्हणायचं होतं, ‘‘दादा, तिच्यावर एकदा टेक. जोर देऊन टेक.’’ भांडण तिथंच मिटलं असतं. डॉक्टर नको, युक्तिवाद नको.

मी हाक मारली नाही.

का, ते तुला सांगायला मी हे लिहायला बसलोय आणि पाचवं पान आलं तरी टाळतोय. तू म्हातारा असलास की मी तरुण राहायचो, दादा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी केसांना कलप लावायला लागलो होतो. गल्लीत मला छोटे पंडित म्हणायचे, आणि तू शेजारी काठी घेऊन उभा असलास की मी खरंच छोटा दिसायचो. कुणी वय विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवून म्हणायचो, ‘‘यांच्याहून तेरा वर्षांनी लहान.’’ वर, लग्नामुंजींतून सांगायला मला नवा माल मिळाला होता. दादाची कवळी, दादाचं मोरीतलं ‘हर गंगे’, दादा आणि पैंतीस वर्षांचा डॉक्टर. पुण्याच्या मावशीकडल्या लग्नात तर मी तुझ्या काठीवर अर्धा तास घेतला. लोक टाळ्या देत होते. तू बनारसमध्ये खाटेवर होतास, केबलवर कुठलासा सिनेमा बघत, आणि वहिनी तुझ्या पायाशी बसून तो दुसऱ्यांदा बघत होत्या.

शेवटी तुला झालं काय, तर सर्दी. साधी सर्दी, जी मला वर्षातून चारदा होते. गंगा दोन्ही बाजूंनी पार करणारी ती छाती, तिला घशातला कफ बाहेर काढता येईना. डॉक्टर म्हणाला, ‘‘सीने में दम ही नहीं बचा.’’ दुपारी तीन वाजता तू गेलास. जाताना पोपट उशाशी होता.

तुला मूलबाळ नसल्यामुळे अग्नी मी दिला. मणिकर्णिकेपर्यंत नेताना रामदुलारेनं पुढचा डावा खांदा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. अनवाणी. मी दोनदा खांदा बदलला आणि तिसऱ्यांदा बदलायचा विचार करत होतो तेवढ्यात घाट आला. सगळं आटोपल्यावर तो अंघोळीला पाण्यात उतरला आणि सवयीनं पुढंच निघाला, तसाच, हात मारत. अर्ध्यातून परत आला. अंग पुसताना म्हणाला, ‘‘पंडितजी हमसे छोट रहलन.’’ माझ्याहून लहान होते.  दुसऱ्या दिवशी दूध घालायला आला तेव्हा चुकून तुझंही माप घालून गेला.

मी सहा वर्षांचा होतो, दादा, तेव्हा तू मला याच घाटाखाली पोहायला शिकवलंस. पोटाखाली तुझा तळहात असायचा. मी हातपाय मारत ओरडायचो, ‘‘सोडू नकोस!’’ आणि तू म्हणायचास, ‘‘धरलंय, धरलंय.’’ एकदा मान वळवून बघतो तर तू चार हात लांब, दोन्ही हात वर करून उभा. मी घाबरून पाणी प्यालो. तू हसत म्हणालास, ‘‘अरे, कधीचं सोडलंय! तू आपला आपण पोहतोयस.’’ आयुष्यात मला कुणी सांगितलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. पुढं नोकरीत, लग्नात, मुलांच्या आजारपणात, कशाचीही भीती वाटली की मला तुझे ते वर केलेले दोन हात दिसायचे. तू मला तसं सांगितलं होतंस आणि मला तुला तेवढंच सांगायचं होतं. तेच वाक्य, नुसतं उलट दिशेनं.

आता कालचं. तेरा दिवस मांडी घालून बसून माझा गुडघा सुजला आहे. छप्पन्नाव्या वर्षी मांडी घालायची सवय राहिलेली नाही, बँकेत खुर्च्या असतात. वहिनी मात्र तेराव्यानंतर बदलल्या. हे तुला कसं सांगावं कळत नाही. गच्चीवर माकडं येतात म्हणून त्या तुझा पोपट फिरवत जिना चढून जातात, तीन मजले, दिवसातून चारदा. जेवतात. परवा कामवालीची नक्कल केली, मग माझ्याकडे चोरट्यासारखं बघितलं. रडतातही, दादा, तुझ्या खाटेवरची चादर त्यांनी अजून काढलेली नाही. पण रडून झालं की त्यांना भूक लागते.

काल सकाळी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आज शुक्रवार. संकठेपर्यंत चला माझ्याबरोबर. आत नाही जायचं, वर्ष व्हायचंय. पायरीवरून हात जोडते.’’

मी म्हटलं, ‘‘गुडघा दुखतोय हो.’’

‘‘मग ही घ्या. रिकामीच आहे.’’ आणि त्यांनी पोपट माझ्या हातात दिला.

काठी खेळण्यातली आहे हे जगात एकट्या मला ठाऊक. तरी मी ती घेतली, आणि तिसऱ्या पायरीवर गुडघ्यात कळ आली तेव्हा मी तिच्यावर टेकलो. सगळा भार टाकून. भेंडी मोडावी तसा आवाज झाला.

वहिनींनी दोन तुकडे उचलले. आतलं लाकूड पांढरंशुभ्र होतं, परवाच कातल्यासारखं. त्यांनी तुकडे एकमेकांना लावून पाहिले, खोबणीत बोट घालून पाहिलं.

‘‘भाऊजी, हे तर खेळणं आहे.’’

‘‘हो.’’

‘‘ह्यांना माहीत होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘तुम्हाला?’’

घरात सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस मी. मी मान डोलावली.

 वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी तुकडे माझ्या मांडीवर ठेवले, अगदी हलकेच, आणि त्या एकट्या खाली उतरायला लागल्या. भिंत धरली नाही. सात-आठ पायऱ्या गेल्यावर न वळताच त्यांनी विचारलं, ‘‘येताय ना?’’

मी म्हणालो, ‘‘तुम्ही या जाऊन. आता आपलं काय, मी बसतो इथंच.’’

शब्द बाहेर पडले आणि मला कळलं. आवाजसुद्धा तुझाच होता, दादा.

वहिनी वळल्या. सात-आठ पायऱ्या पुन्हा चढून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘‘हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उठा.’’

‘‘वहिनी, गुडघा...’’

‘‘उठा म्हणते ना.’’

त्यांनी हात पुढं केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. खालून नाववाले बघत होते, रामदुलारे पाण्यात मान वर काढून बघत होता. मी उठलो. दुखलं. उतरलो सगळ्या पायऱ्या, त्यांच्या मागून, संकठेपर्यंत गेलो आणि परतही आलो. वाटभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आजही बोललेल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी बोलवतील की नाही, माहीत नाही. बोलावलं तर जाईन.

पोपट माझ्या समोर टेबलावर आहे. तुला जे सांगायचं राहिलं ते आता सांगतो, ऐकायला तू नाहीस तरी. ती काठी एक दिवसही तुझा भार घेऊ शकली नसती. नऊ वर्षं तू तुझ्याच पायांवर चालत होतास, दादा.